मामेसासऱ्यांच्या बोलक्या सोंगट्या

उभ्या खानदेशात आश्चर्य वाटून घेण्याचा मक्ता एकट्या आमच्या मामेसासऱ्यांकडे आहे, आणि वयाची पंचाहत्तरी उलटली तरी तो त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिलेला नाही. तुम्हाआम्हाला आश्चर्य वाटतं ते भुवया वर जाण्यापुरतं. मामांना आश्चर्य वाटलं की ते खाली बसतात. जिथे असतील तिथे, जागेची आणि लोकांची पर्वा न करता, चक्क मांडी घालून. भुसावळच्या भाजीबाजारात तराजूऐवजी काट्यावर लाल आकडे पळताना पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते मेथीच्या जुड्यांशेजारी बसले होते. माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर त्यांनी आमच्याही आधी उघडला, आतली मोटर पाहिली आणि मांडवातच बसकण मारली. वाढपी त्यांना वळसा घालून जात होते. नवी वस्तू दिसली की लोक किंमत विचारतात. मामा विचारतात, "आत काय आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. शिवाय कुठलीही वस्तू उघडण्याआधी ते चपला काढून ठेवतात. आमच्या घरचा बंद पडलेला रेडिओ उघडताना त्यांनी मलाही चपला काढायला लावल्या. मी धुळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, मला असल्या गोष्टींचं आश्चर्य वाटत नाही, असं मी त्यांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेने पाहिलं की मी मुकाट्याने चपला काढल्या.

मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. उमेदीची वर्षं तापीकाठच्या एकेरी मार्गावर गेली. रूळ एकच आणि गाड्या दोन्हीकडून. त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे, आणि तो गोळा प्रत्यक्ष हातात पडल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही, असा नियम होता. ती यंत्रं सांभाळणं हे मामांचं काम. त्यातून त्यांनी आयुष्यभराचं एक तत्त्व काढलं, आणि ते सांगताना ते हटकून धुळ्याकडच्या आपल्या अहिराणीवर येतात: "जोडे उनाबिगर काम व्हत नही, भो." जोडे म्हणजे जवळ. जवळ आल्याशिवाय काम होत नाही. म्हणून फोनवर ख्यालीखुशाली विचारणं त्यांना मंजूर नाही. चोपड्याला त्यांच्या बहिणीची केळी वादळात आडवी झाली, तेव्हा सगळ्या नातलगांनी फोन केले. मामा एसटीने गेले, बागेत बहिणीशेजारी तासभर बसले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. काय बोललात, असं मी विचारलं, तर म्हणाले, "बोलायचं काय त्यात?"

अशा माणसाचा संसार मामींनी पन्नास वर्षं केला. मामींना कशाचंच आश्चर्य वाटत नाही. "ह्यासनासंगे लगीन व्हयनं, आते आखो काय नवल दखू?" असं त्या म्हणतात. खापरावरचे मांडे करावेत मामींनी, आणि वांग्याचं भरीत करावं तेही मामींनीच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचे अठरा डबे ओळीने उभे असत. सगळे एकाच मापाचे, लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेले, आणि प्रत्येकावर वडिलांचं नाव आणि 'सप्रेम भेट' असं कोरलेलं. कुठल्या डब्यात काय, हे मामी झाकण उघडून एका नजरेत ओळखायच्या. पुढे साखरेच्या आजाराने डोळ्यांच्या पडद्याला धरलं आणि ती नजर विझू लागली. हळद, धने, मिरची नाकाला कळत होती. पण मीठ, सोडा, रवा, पिठीसाखर यांना वास कुठला असणार?

व्हायचं ते एका हिवाळ्यात झालं. आम्ही सगळे भरीत खायला भुसावळला जमलो होतो. पहिल्याच घासाला माझ्या जिभेवर साबण उतरला. मामींनी मिठाच्या जागी खायचा सोडा घातला होता. पंगतीत कोणी ब्र काढला नाही. मामांनी तर तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "यंदा वांगी झकास निघाली." मामी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसल्या. एक घास तोंडात घातला, दुसरा हातातला ताटात परत ठेवला. "बठ्ठा जण मन्हासंगे खोटं बोलनात," एवढंच आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. घरी मेसचा डबा येऊ लागला. मामी ओसरीवरच्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. मामा मेसच्या जेवणाबद्दल कधी कुरकुरले नाहीत. पण त्या हातांकडे मात्र त्यांना बघवत नव्हतं, आणि मामींना पुन्हा चुलीपाशी कसं न्यायचं, हा एकच घोर त्यांच्या जिवाला लागला.

फेब्रुवारीत ते मामींना घेऊन धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी सौम्य शब्दांत सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपायची. मामींना रिक्षात बसवून मी आणि मामा औषधं घ्यायला दुकानात शिरलो. आमच्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी पर्समधून फोन काढला, काउंटरवरच्या कार्डाच्या मशीनला नुसता टेकवला, मशीन टिंग वाजलं आणि बाई निघाल्या. मागे वळून पाहतो तर मामा खाली बसलेले. दुकानदार पाणी घेऊन धावला, कोणीतरी रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं. "मला काही झालेलं नाही," मामा जमिनीवरून म्हणाले, "ताई, तेवढं पुन्हा एकदा करून दाखवता का?" ताई म्हणाल्या, पुन्हा केलं तर पुन्हा पैसे जातील. तेव्हा मामांनी खोकल्याच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली, तिचे पैसे ताईंच्या हातावर ठेवले आणि त्यांच्याकरवी फोन पुन्हा टेकवून घेतला. मला त्या दिवशी मामांचा भयंकर राग आला. बायकोचे डोळे चाललेत आणि हा माणूस दुकानात मांडी घालून यंत्राचा टिंग ऐकतोय! मी रिक्षात त्यांच्याशी बोललो नाही. मामांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते वाटभर स्वतःशीच पुटपुटत होते, "तार नाही, पिन नाही. नुसतं जवळ नेलं!"

मे महिन्यात आम्ही भुसावळला गेलो. भुसावळचा मे म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं. भर दुपारी मामांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, चपला काढायला लावल्या आणि गोधडी अंगावर घ्यायला सांगितली. कारण काय, तर त्यांना दाखवायचं ते अंधारातच नीट दिसणार होतं. मग एका गोधडीत मी, मामा, माझा फोन आणि तांब्याच्या बारीक तारेची चार-पाच वेढ्यांची एक जिलबी, जिच्या दोन टोकांना मोहरीएवढा एक दिवा डकवलेला. त्या तारेला सेल नाही, बॅटरी नाही, काही जोडलेलं नाही. मामांनी ती जिलबी फोनच्या पाठीवर दोन बोटांच्या अंतरावर नेली, आणि तो दिवा लागला. लागला, विझला, पुन्हा लागला. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मामा कुजबुजत होते, "फोनच्या पाठीतही असंच एक वेटोळं आहे. त्यातून तो सारखा हाक मारतोय, आहे का कोणी? आहे का कोणी? हिला बिचारीला स्वतःचा जीव नाही. पण ती हाक अंगावर पडली की तेवढ्यानेच हिच्यात जीव येतो." बाहेरून मामींचा आवाज आला, "भर उन्हायामा गोधडीमा घुसनात! जवाई, तुम्ही बी येडा व्हयनात का?"

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. एका वेटोळ्यातली वीज बदलली की शेजारच्या वेटोळ्यात आपोआप वीज उभी राहते, हा नियम मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. आकृती डोळे मिटून काढतो, प्रश्न पाच गुणांना येतो हेही सांगतो. तोच नियम माझ्या खिशातल्या फोनमध्ये दिवसभर हाका मारत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. गोधडीतून बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "हे तुमच्या फोनमध्ये पहिल्यापासून होतं?" मी हो म्हणालो. घरात देव असून ज्याने कधी दिवा लावला नाही, अशा माणसाकडे बघावं तसं ते माझ्याकडे बघत राहिले. मला खरोखर लाज वाटली.

धुळ्याच्या दुकानात मामांच्या डोक्यात काय शिरलं होतं, ते मला त्यानंतर कळलं. त्यांनी कुठूनशा टिकल्या मागवल्या. कपाळाच्या टिकलीपेक्षा मोठ्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, कागदासारख्या पातळ. उजेडात धरल्या की आत तेच वेटोळं आणि मधे तिळाएवढा एक ठिपका दिसायचा. "ह्या तिळात फक्त एक खूण मावते," मामांनी मला समजावलं. पदार्थविज्ञान मी शिकवतो, समजावतात ते. "फोन जवळ आला की तिळाला त्याच्याकडूनच शक्ती मिळते, आणि ती घेता घेता तो कमी घेतो, जास्त घेतो. तेवढ्या चढउतारावरून फोन खूण ओळखतो. दिलेलं घेण्याच्या रीतीतून बोलायचं! काय डोकं म्हणायचं हे!" असं म्हणून ते खाली बसले. प्रत्येक डब्याला एक टिकली, आणि कुठल्या टिकलीला फोनने काय म्हणायचं, ते फोनमध्ये आधीच भरून ठेवायचं, असा बेत होता. टिकली ओळखायला फोन उघडा लागतो, म्हणून मामींसाठी घेतलेल्या फोनचं कुलूप त्यांनी काढून टाकलं. "चोराला मीठ कुठंय ते कळलं तर कळू दे," असं त्यांचं म्हणणं.

चांगला दिवस पाहून अठरा डब्यांच्या झाकणांवर अठरा टिकल्या चिकटल्या. आम्हाला धुळ्याहून बोलावणं आलं. मामींना हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. मामांनी पहिल्या डब्याला फोन टेकवला. फोन गप्प. दुसऱ्याला टेकवला, गप्प. अठराही डबे मुके! टिकली हातात धरली तर फोन खुशाल बोलायचा आणि डब्यावर लावली की मौन. मामी भिंत चाचपत ओसरीवर गेल्या. मामा फरशीवर बसले. त्यांना मी आयुष्यभर खाली बसताना पाहिलं आहे, पण आश्चर्याशिवाय बसलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

चार दिवसांनी ते एसटीने धुळ्यात हजर झाले. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ना! "स्टील गिळतंय," दारातच म्हणाले. "फोन जे देतो त्याने डब्याच्या पत्र्यातच विजेचे भोवरे उठतात आणि ते उलट्या अंगाने त्यालाच मारून टाकतात. टिकलीच्या वाट्याला काही उरत नाही." मी म्हणालो, मग प्लास्टिकच्या बरण्या आणा, हाय काय अन् नाय काय. मामांनी मान हलवली. त्यांनी ते मामींना विचारून पाहिलं होतं आणि उत्तर मिळालं होतं: "मन्हा बापना डबा काढशात तं मी चुल्हाजोडे येवाव नही." मग मामांनी माझ्या टेबलावर एक काळी सोंगटी ठेवली. कॅरमची. मी ती उचलली, नाकाशी नेली, बोरिक पावडरचा वास आला, आणि मी ती घाईघाईने टेबलावर परत ठेवली.

याचं कारण सांगायला हवं. मामा तरुणपणी रेल्वे कॉलनीतले कॅरमचे बादशहा होते. ज्यांच्यावर सामने जिंकले त्या एकोणीस सोंगट्या त्यांनी मखमली पिशवीत, ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या होत्या. वर्षातून एकदा काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या. आमच्यापैकी कोणाला त्यांना हात लावू दिला नव्हता. मी जावई असूनही मला फक्त लांबून दर्शन होतं. आणि आता हा माणूस म्हणत होता, "एका सोंगटीच्या जाडीएवढं अंतर ठेवलं की पत्र्याचा जोर ओसरतो. घरी करून पाहिलं. बोलतं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, अठरा डबे." सोंगटी गोंदाने झाकणाला चिकटवायची आणि टिकली तिच्या डोक्यावर. मसाले, डाळी काळ्या. मीठ, साखर, रवा, सोडा पांढऱ्या. "पण मामा, पुन्हा खेळता येणार नाही," मी म्हणालो. ते म्हणाले, "खेळ झाला की. जिंकलोही."

तोवर फोन त्याच्या यंत्राच्या आवाजात बोलत होता. आता आवाज कोणाचा भरायचा, हा प्रश्न आला. मामांनी उत्साहाने स्वतःचा भरला. आयुष्य फलाटावर गेलेलं, त्यामुळे फोन टेकवला की घर दणाणायचं: "कृपया लक्ष द्या! हे मीठ आहे!" मामींनी पहिल्याच दिवशी ते बंद पाडलं. "हाई काय ठेसन शे का? मन्हा घरमा मन्हाच आवाज पाह्यजे." मग मामींनी एकेक डबा उघडला, चाखला, हुंगला, चिमटीत चोळला आणि फोनला सांगितलं. "हाई मीठ शे." "हाई साखर शे." "हाऊ रवा शे." सोड्यापाशी आल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "हाऊ सोडा शे, मेला." ते तसंच राहिलं, आजही आहे. पुढच्या थंडीत आम्हाला पुन्हा भरीत खायला बोलावलं. मामींच्या गळ्यात नाडीने फोन लटकत होता आणि त्या डब्यांवरून तो फिरवत होत्या. त्यांच्याच आवाजातले डबे एकामागून एक हजेरी देत होते. मिठाचा डबा बोलल्यावरही मामींनी बोट बुडवून चाखून घेतलंच. भरीत समोर आलं. पंगतीत सगळे पहिला घास घेऊन मामींकडे बघत होतो, आणि ह्या खेपेला कोणालाही खोटं बोलावं लागलं नाही. मामींचे हात पिठाने, तेलाने माखलेले होते. मामा ते हात बघत बसले होते, आणि त्यांचं ताट तसंच होतं.

एकोणिसावी सोंगटी, तांबडी राणी, तेवढी उरली होती. तिचं काय केलं, असं मी एकदा विचारलं तर मामांनी विषय बदलला. मग एके दुपारी मी तिथे असतानाच टपालवाला दारात आला. पांढरा सदरा, मामांसारखीच शिडशिडीत अंगकाठी. मामींनी त्याला हाताला धरून आत घेतलं आणि फैलावर घेतलं, "इतला येळ कोठे व्हतात? च्या थंडगार व्हई गयी!" तो बिचारा उभ्या उभ्या चहा पिऊन गेला. मामा मागच्या दाराने आले, त्यांना कळलं, ते खूप हसले. मामी हसल्या नाहीत. "तुमनं तोंड आते दिसत नही," त्या म्हणाल्या. "नुसतं धवळं दिसस." मामांचं हसू तिथेच थांबलं.

थोड्या वेळाने ते ट्रंकेकडे गेले. राणीवर टिकली चिकटवली, राणी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिसा दोऱ्याने शिवून टाकला. फोन मामींच्या हातात देऊन म्हणाले, "आता माझं नाव सांग." मामींनी फोन खाली ठेवला. पन्नास वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही मान खाली घालून. "हाऊ जनम तं नही," म्हणाल्या. मामांनी विनवण्या केल्या. शेवटी मामी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या त्या हात पुढे करून, मामांची छाती चाचपत. खिसा सापडला. दोन बोटांच्या अंतरावर फोन आणला. फोन मामींच्या आवाजात म्हणाला, "हाऊ मन्हा मानूस शे."

मामा खाली बसले. मामींचा हात तसाच हवेत, फोन पुढे धरलेला, समोर काहीच लागेना. "कोठे गयात?" त्या विचारू लागल्या. मी काही सांगावं तर मीही बसलो होतो. बावीस वर्षं फळ्यावर लिहिलेला तो नियम तेव्हा पहिल्यांदा मला कळला, आणि तो किती मोठा आहे हे कळून माझे डोळे भरून आले.

आता मामींना फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळतो. डबे हाताला पाठ झाले आहेत, त्यांना फोन लावावा लागत नाही. मामांना मात्र मामी रोज चार-पाच वेळा फोन टेकवतात. ओळख पटत नाही म्हणून नव्हे. पावलं वाजली तरी त्यांना कळतं. फोन आपला तेच वाक्य म्हणतो आणि मामा दर वेळी खाली बसतात. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आपले आपण उठता येत नाही. मग मामी वाकतात, चाचपत त्यांचा हात शोधतात आणि त्यांना उठवून उभं करतात.